अंगठा म्हणजे मशवरा नव्हे

कापडाच्या धंद्यात तोंड बंद ठेवणाऱ्याचाच गल्ला भरतो, असे आमच्या वडिलांच्या पिढीत मानले जाई. भाव ठरवायचा तो रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळू द्यायचा नाही. माल कोणत्या दलालाकडून आला, ग्रे कापड काय भावाने पडले, रंगाईला किती लागले, हे घरातही कोणी बोलत नसे. त्याच धंद्यातले आम्ही काही दुकानदार आज रात्री शटर ओढल्यावर एका व्हॉट्सॲप गटात आपल्या डोक्यातील कल्पना एकमेकांपुढे मांडत बसतो, हे वडिलांना कळले असते तर त्यांनी माझ्याकडून दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या असत्या.

करंजाडे हे पनवेलला लागून सिडकोने वसवलेले उपनगर. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या गावांना आपली जागा सोडावी लागली, त्यांतील बरीच कुटुंबे वडघर, करंजाडे, पुष्पकनगर या भागात आली. त्यांच्या जोडीला मुंबईला नोकरी करणारे, नव्या इमारतीत घर घेतलेले लोक आहेत. गिऱ्हाईक नवे, दुकाने नवी, आणि दुकाने बहुतेक लहान. सल्लागार नेमण्याची ऐपत आमच्यापैकी कोणाचीच नाही. म्हणून २०२१ साली आमचा गट निघाला. त्यात बावीस जण आहेत. सात कापडवाले, बाकीचे शिंपी, रेडीमेडवाले, एक लाँड्रीवाला, एक भांड्यांचा व्यापारी, लॉज चालवणारे दोघे. सकाळी गुलाबाच्या फुलांचे संदेश आमच्याकडेही येतात, ते सोडून द्या. हा लेख लिहिण्याचे कारण वेगळे आहे. या गटाने एकदा आम्हाला बुडवले आणि पुढे त्याच गटाने हात दिला. माणसे तीच होती, फोनही तेच होते. मग फरक कशाने पडला, ते सांगतो.

पहिली गोष्ट २०२२ सालची. लॉकडाऊननंतर शाळा पूर्ण भरणार होत्या. मार्चमधल्या एका रात्री दहा वाजता आमच्यातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांनी, ज्यांना आम्ही सारे हाजीसाहेब म्हणतो, गटात लिहिले की गणवेशाचे सूटिंग सर्वांनी मिळून भिलवाड्याहून एकदम उचलू, भाव चांगला मिळेल. दहा मिनिटांत चौदा अंगठे उमटले. त्यात माझाही होता. कोणती शाळा, कोणता रंग, किती मुले, हे कोणीच विचारले नाही. माझ्या वाट्याला गडद निळ्या रंगाचे चौदा तागे आले. ताग्यात साधारण साठ मीटर, भाव १६५ रुपये मीटर. म्हणजे सुमारे एक लाख अडतीस हजार रुपये. जूनमध्ये कळले की ज्या दोन शाळांच्या भरवशावर आम्ही होतो, त्यांनी रंग बदलला आहे आणि पालकांना तयार संचच घ्यायला सांगितले आहे. शाळांचा दोष मी काढत नाही, तो त्यांचा अधिकार. आठ तागे मी त्याच वर्षी ११० रुपयांनी फुंकून टाकले. बाकीचे सहा माळ्यावर गेले.

नुकसानापेक्षा जास्त टोचली ती पुढची गोष्ट. आमच्या गटातला एक तरुण शिंपी दुकानात बसला होता. माळ्याकडे पाहून म्हणाला, “शेठ, हे मला फेब्रुवारीतच माहीत होतं. नव्या संचाच्या नमुन्याची मापं मीच घेऊन दिली होती.”

“मग गटात लिहिलं का नाहीस?”

“हाजीसाहेबांनी लिहिलं, तुम्ही सगळ्यांनी अंगठा दाबला. त्यावर मी लहान माणूस काय बोलणार?”

पूर्वी कागदावर अंगठा उमटवी तो सही न येणारा. आता लिहिता-वाचता येणारे आम्ही शहाणे अंगठा उमटवतो आणि त्याला चर्चा म्हणतो.

उर्दू शाळेत आमचे उस्ताद मशवऱ्याचा विषय निघाला की बद्रच्या पडावाची हकीकत सांगत. सीरतच्या ग्रंथांत ती येते. इ.स. ६२४ मध्ये बद्र येथे मुक्कामाची जागा ठरली, तेव्हा हुबाब इब्न मुन्झिर (रजि.) यांनी आधी विचारले की ही जागा अल्लाहच्या आदेशाने ठरली आहे की हे युद्धनीतीतले मत आहे. मत आहे असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पाण्याजवळच्या विहिरीपाशी पडाव हलवण्याची सूचना केली, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मान्य केली. हुकूम कोणता आणि मत कोणते, हे आधी विचारून घेण्याची सोय तेथे होती. आमच्या गटात हाजीसाहेबांचे मत हुकूम होऊन बसले होते, आणि त्यांना बिचाऱ्यांना ते ठाऊकही नव्हते.

माझ्या भाच्याने व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेतले आहे. त्याच्याकडून समजले की या रोगावर गेली साठ-सत्तर वर्षे अभ्यास चालू आहे. अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९५३ मध्ये पुस्तक लिहून असे मांडले की माणसे एकत्र बसून, टीका न करता, सुचेल ते बोलत गेली तर कल्पना जास्त निघतात. सगळ्या कंपन्यांनी ते उचलले. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी प्रत्यक्ष तपासून पाहिले. चार जणांचे गट एकीकडे, आणि स्वतंत्र बसून विचार करणारे चार जण दुसरीकडे. स्वतंत्र बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या गटापेक्षा पुष्कळच जास्त भरल्या. गंमत अशी की त्या प्रयोगातील एक प्रश्न होता, माणसाच्या प्रत्येक हाताला एक अंगठा जास्त असता तर कोणते फायदे आणि कोणत्या अडचणी झाल्या असत्या! आमच्या गटाकडून त्यांना उत्तर मिळाले असते.

पुढे १९८७ मध्ये जर्मनीतील डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी याचे मोठे कारण दाखवले. एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबता थांबता सुचलेले विसरते किंवा विरून जाते. १९९० च्या दशकात कॅनडा व अमेरिकेत माणसांना संगणकावर एकाच वेळी, नाव न दाखवता लिहायला लावले, तेव्हा मोठ्या गटांचे काम सुधारले. कारण पाळीची वाट पाहावी लागत नव्हती. या हिशेबाने व्हॉट्सॲप हे कल्पनांसाठी उत्तम साधन ठरायला हवे. आमच्या गटात पाळी लागत नाही हे खरे, पण लाज आणि लिहाज आड येतात, कारण प्रत्येक ओळीवर नाव असते. चौदा अंगठ्यांनंतर पंधरावा माणूस उलटे लिहीत नाही.

पंचेचाळीस दिवसांचा संदेश

गटाला सुधारणेची पहिली चव लागली ती फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये. तेव्हा कापडबाजारात एकच संदेश फिरत होता: प्रत्येक बिल पंचेचाळीस दिवसांत चुकते करा, नाहीतर ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरून तिच्यावर आयकर लागेल. घबराट एवढी की ३१ मार्चच्या आधी लोक घेतलेला माल परत पाठवू लागले. आमच्या गटातही तो संदेश आला. या वेळी मात्र भांड्यांच्या व्यापाऱ्याने एकच ओळ लिहिली, “कलम कोणी वाचले आहे काय?” कोणीच वाचले नव्हते.

गटातील एकाचा मुलगा सीएचा अभ्यास करीत होता. त्याला विचारून चार दिवसांत एकेक गोष्ट दुरुस्त होत गेली. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४३बी मध्ये नवे पोटकलम (एच) घातले होते. ते सर्व बिलांना लागू नव्हते. विकणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तरच लागू होते, मध्यम उद्योगाला नाही. त्यातही विकणारा स्वतः माल बनवणारा किंवा सेवा देणारा हवा. निव्वळ खरेदी-विक्री करणारा व्यापारी त्यात येत नव्हता. पंचेचाळीस दिवस लेखी करार असेल तर, आणि करार नसेल तर फक्त पंधरा. हे शेवटचे तर मूळ संदेशात अजिबात नव्हते आणि तेच सर्वांत महाग पडणारे होते. शिवाय रक्कम कायमची बुडत नाही, ज्या वर्षी पैसे देऊ त्या वर्षी खर्चात धरता येते. पाचव्या दिवशी अर्ध्या पानाची एक टीप तयार झाली. ती मी मुनीमजीच्या टेबलावर काचेखाली ठेवली. माल परत करण्याची वेळ आमच्यापैकी कोणावर आली नाही.

ज्यांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले, त्यांचीही रीत याच जातीची आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये संगणकावरील एका चर्चागटात लिहिले की मी एक छोटी कार्यप्रणाली बनवतो आहे, तुम्हाला त्यात काय हवे ते सांगा. तीच पुढे लिनक्स झाली. ती सर्वांसमोर ठेवलेली असल्याने दोष शोधणारे आणि दुरुस्ती पाठवणारे जगभरातून मिळाले. पण कोणती दुरुस्ती घ्यायची हे ठरवणारा माणूस प्रत्येक भागाला नेमलेला होता. आपल्या मराठीत १ मे २००३ रोजी सुरू झालेला विकिपीडिया पाहा. त्यात प्रत्येक लेखामागे एक चर्चेचे पान असते आणि एक इतिहासाचे. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला ते सारे तेथे दिसते. सर्वांनी मिळून बोलण्याच्या पानाला त्यांनी नावही झकास दिले आहे, चावडी. आमच्या व्हॉट्सॲपला इतिहासाचे पान नाही. काल ठरलेले आज तीनशे संदेशांखाली गाडले जाते. म्हणून आम्ही एक साधी दोनशे पानी वही ठेवली आणि ती शिंप्याच्या हवाली केली. हाजीसाहेबांनीच त्याचे नाव सुचवले.

विमानतळ आला, आपण काय विकायचे?

जून २०२५ मध्ये हा प्रश्न गटात आला. विमानतळाचे उद्घाटन पुढे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय. त्यामुळे जूनपासूनच जो तो स्वप्नात होता. या वेळी आम्ही असे केले की कोणीही गटात काही लिहायचे नाही. प्रत्येकाने घरी बसून आपल्या कल्पना दोन दिवसांत फक्त शिंप्याला पाठवायच्या. त्याने त्या नावे काढून, एकाखाली एक लिहून गटात टाकायच्या. हाजीसाहेब म्हणाले, मी माझे मत सर्वांच्या शेवटी देईन. या एका वाक्याने जे साधले ते कोणत्याही नियमाने साधले नसते.

एकतीस कल्पना आल्या. नऊ एकसारख्या होत्या. काही हसण्यासारख्या होत्या. विमानाचे चित्र असलेले टी-शर्ट तर तिघांनी सुचवले होते. एक माझी होती, प्रवासात अंगावर घ्यायच्या हलक्या शाली. मला ती फार पसंत होती. नंतरचा आठवडा फक्त प्रश्न विचारण्यासाठी ठेवला. चांगले-वाईट म्हणायचे नाही, अंगठा नाही, फक्त प्रश्न. गिऱ्हाईक कोण? आज तो हे कोठून घेतो? पैसा किती दिवस अडकेल? तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारले, “विमान पकडायला निघालेला माणूस करंजाड्यात कशाला उतरेल?” या एका प्रश्नाने चौदा कल्पना आडव्या झाल्या. माझ्या शालीही त्यात गेल्या. मला राग आला होता, हे कबूल करतो. नाव दिलेले नसल्याने रुसण्याची सोय मात्र राहिली नव्हती.

उरले ते येथे राहणारे गिऱ्हाईक: विमानतळावर आणि त्याच्या ठेकेदारांकडे काम करणारे लोक, त्यांच्या भाड्याच्या खोल्या, पनवेल पट्ट्यातील लॉज. यादीत कोणीतरी “लॉजला रंगीत टॉवेल आणि चादरी” एवढेच लिहिले होते. कच्ची कल्पना कशी घडत जाते हे मला येथे पाहायला मिळाले. लाँड्रीवाला म्हणाला, लॉजचा टॉवेल गरम पाण्यात आणि ब्लीचमध्ये जातो, दहा धुलाईत रंग उडेल. पांढराच द्या, ओळख हवी तर पट्टी विणकामातच घ्या. लॉजवाल्याने सांगितले की त्यांना एका पलंगामागे तीन जोड लागतात, एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. म्हणजे दहा दुहेरी खोल्यांच्या लॉजला तीस चादरी, साठ उशीचे अभ्रे, साठ टॉवेल. हा आकडा आमच्या कल्पनेपेक्षा तिप्पट होता. मग चादरीचे माप निघाले. आम्ही घरगुती दुहेरी चादर ९० बाय १०० इंचांची विकतो. ७२ बाय ७८ च्या जाड गादीखाली ती नीट खोचली जात नाही आणि सुती असेल तर पहिल्या धुलाईत आटते. शिंप्याने १०८ इंच पन्ह्याचे कापड घेऊन येथेच शिवण्याचे सुचवले. टॉवेलसाठी सोलापूर ठरले. तेथील चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्यातील एकाची तेथे जुनी ओळख होती.

पैशाचा प्रश्न हाजीसाहेबांनी काढला, ठरल्याप्रमाणे सर्वांच्या शेवटी. लॉजवाले साठ-साठ दिवस उधारी ठेवतात. आणि पंचेचाळीस दिवसांचा तो कायदा, जो आपण २०२४ मध्ये शिकलो, तो आपल्या बाजूने नाही. कारण आपण व्यापारी. सबब अर्धे पैसे आधी, नाहीतर माल कापायचा नाही. गटातील दोन लॉजवाल्यांचे चेहरे मला दिसत नव्हते, पण त्यांनी त्या रात्री काही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी एकाने “ठीक” असे लिहिले.

निवड करताना आम्ही व्हॉट्सॲपची मतदानाची सोय वापरली नाही. आमच्या फोनवर त्यात कोणी काय निवडले ते सर्वांना दिसत होते, म्हणजे पुन्हा अंगठाच. चिठ्ठ्या शिंप्याच्या दुकानात डब्यात टाकल्या. तीन कल्पना पास झाल्या: लॉजचा माल, कामगारांच्या गणवेशाची शिलाई आणि दुरुस्ती, आणि खोल्यांसाठी तयार पडदे. प्रत्येकीत पंचवीस हजारांवर कोणी घालायचे नाही, असे ठरले. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून जीएसटी बदलला. हजार रुपयांवरच्या चादरीला १२ टक्के होते, ते अडीच हजारांपर्यंत नगामागे ५ टक्के झाले. आमच्या मोठ्या चादरीला त्याचा फायदा मिळाला, तो अर्थात आमच्या अक्कलहुशारीचा नव्हे. पडदे चालले नाहीत. लोक ते मोबाईलवरूनच मागवतात. लॉजच्या दोन ऑर्डरी दिवाळीआधी गेल्या. एकीचे उरलेले पैसे वेळेवर आले, दुसरीचे फेऱ्या मारून.

एका गोष्टीबाबत व्यापारी बंधूंना सावध करणे भाग आहे. आमच्या गटात एकदा सूचना आली की सर्वांनी एकाच भावाने विकू, त्याखाली कोणी जायचे नाही. कल्पना गोड वाटते, पण एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दुकानदारांनी मिळून विक्रीचा भाव ठरवणे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे बेकायदा आहे, आणि व्हॉट्सॲपवर ते लिहून ठेवणे म्हणजे आपल्याच हाताने पुरावा तयार करणे. ती सूचना त्याच रात्री बंद केली. सभासदांनी काही आक्षेपार्ह टाकले तर गटप्रमुखाला पकडतील ही भीतीही अनेकांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे की समान उद्देश दिसत नसेल तर केवळ गटप्रमुख आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. तरीही आमचा गटप्रमुख रोज रात्री गट चाळतो, ते बरेच आहे.

आता माळ्यावरच्या सहा ताग्यांबद्दल. गणवेशाच्या कल्पनेवर प्रश्नोत्तरे चालू असताना शिंप्याने वहीत पाहून विचारले की शेठचे निळे सूटिंग अजून आहे काय. एका साफसफाईच्या ठेकेदाराला माणसांसाठी शंभर पँट हव्या होत्या, रंग गडद निळा. दोन तागे त्यात गेले, १३० रुपयांनी. शिलाई त्यालाच मिळाली. चार तागे अजून वर आहेत. त्यांचे काय करावे यासाठी या आठवड्यात चिठ्ठ्या मागवल्या आहेत; शिंप्याकडे आतापर्यंत पाच आल्या, त्यांतील एकीत म्हणे पुन्हा गणवेशच लिहिले आहे.